जायबंदी खेळाडूचे नाव पटावर राहू द्या

पहाटे पाचच्या सुमारास परभणीहून जिंतूर, गंगाखेड किंवा वसमतकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याने निघाले, तर अंधारात धावत असलेली मुले-मुली दिसतात. कोणाच्या पायांत बरे बूट असतात, कोणी कापडी बुटांवर भागविलेले असते, तर एखादा अनवाणीच असतो. यांतील काही शालेय किंवा विद्यापीठीय स्पर्धांची तयारी करीत असतात; पुष्कळजण पोलीस भरतीच्या किंवा सैन्यभरतीच्या चाचणीसाठी धावत असतात. तीन-चार महिन्यांनी त्याच रस्त्याने पुन्हा गेले, तर त्यांतील काही चेहरे दिसेनासे झालेले असतात. कोणाचा घोटा मुरगळलेला असतो, कोणाची नडगी रात्री ठणकू लागलेली असते, कोणाचा गुडघा कबड्डीच्या पकडीत फिरलेला असतो. त्यांच्या जागी नवी मुले येतात आणि रांग पूर्ववत भरून निघते. जी दिसत नाहीत त्यांचा पाय कसा आहे, एवढी चौकशी एकवेळ होते. ती मुले कशी आहेत, हे विचारण्याची मात्र आपल्याकडे पद्धत नाही.

हा प्रश्न न विचारण्याची किंमत बरीच मोठी आहे, आणि ती ज्यांना मोजावी लागते ते सोळा ते बावीस या वयातले असतात. खेळातील दुखापत ही हाडांची व स्नायूंची बाब आहे, डॉक्टरने पट्टी बांधली आणि विश्रांती सांगितली की प्रश्न मिटला, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे. शरीराच्या दुखापतीबरोबर तरुण खेळाडूचे मनही जायबंदी होते, आणि ते तसेच राहिले तर पुष्कळदा शरीरही पूर्ण बरे होत नाही. या दोहोंचा संबंध काय आहे आणि परभणीसारख्या जिल्ह्यात त्याबाबत काय करणे शक्य आहे, याचा विचार शिक्षकांनी व पालकांनी केला पाहिजे.

खेळ हा येथे केवळ खेळ नाही

मोठ्या शहरातील सुखवस्तू घरात मुलगा बॅडमिंटन खेळतो तेव्हा तो खेळतच असतो. खेळ सुटला तर त्याला अभ्यास आहे, वडिलांचा व्यवसाय आहे. कापूस, सोयाबीन आणि पाऊस यांच्या भरवशावर चालणाऱ्या घरातील मुलाची गोष्ट तशी नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणीला पन्नास गुण असतात. त्यांतील वीस गुण पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावण्याचे असतात, आणि उरलेले तीस शंभर मीटर धावणे व गोळाफेक यांचे. चाचणीत निम्मे गुण मिळाले नाहीत, तर लेखी परीक्षेचे दारच उघडत नाही. ही मुले धावतात ती पोटासाठी धावतात, असे म्हटले तर ते अवास्तव होणार नाही. ज्या पायावर घरातील पाच माणसांनी हिशेब मांडलेला असतो, तो पाय मुरगळला की सारा हिशेबच कोलमडतो.

खेळातून नाव होते याचा पुरावा या मुलांच्या डोळ्यांसमोर आहे. परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला आणि त्यानंतर २०१८, २०१९ व २०२० या तिन्ही वर्षी सुधा सिंग यांच्या मागोमाग दुसरे स्थान राखले. शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत ऑलिम्पिकपर्यंत पोहोचले, त्यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. मराठवाड्यातील कोणत्याही मुलाला धावण्याची उमेद यावी, अशीच ही उदाहरणे आहेत. मात्र ४२ किलोमीटर १९५ मीटरची शर्यत वर्षानुवर्षे पुढच्या रांगेत राहून धावण्यासाठी शरीर शाबूत ठेवणे हाही त्या यशाचा मोठा भाग असतो. यशाच्या बातमीत तो भाग येत नाही. म्हणून मुले कष्ट तेवढे उचलतात, आणि विश्रांती हा सरावाचाच भाग आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

दुखापत होते आणि पुढे

या जिल्ह्यातील माती काळी आहे. पावसात ती पायाला चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडतात. अशा मैदानावर खो-खो आणि कबड्डी खेळणाऱ्या मुलांचे घोटे मुरगळतात, यात नवल नाही. जी मुले डांबरी रस्त्यावर एकाएकी रोज आठ-दहा किलोमीटर धावू लागतात, त्यांच्या नडगीच्या हाडावर ताण येतो आणि तरीही ती धावत राहिली, तर हाडाला केसाएवढी बारीक चीर पडू शकते. पोषण अपुरे असेल तर ही चीर लवकर पडते व उशिरा भरते.

एका खेळाडू मुलीची कल्पना करावी. ती अकरावीत आहे, शाळेच्या व आता महाविद्यालयाच्या कबड्डी संघात आहे, जिल्हा पातळी ओलांडून विभागीय स्पर्धेला जायची आहे. सरावात चढाईवरून वळताना तिचा गुडघा आत फिरतो आणि ती खाली बसते. अशा वळणाच्या खेळांत गुडघ्यातील मुख्य अस्थिबंध, ज्याला डॉक्टर लिगामेंट म्हणतात, तो तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत अधिक असते, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच नोंदविले आहे. घरी हळद-चुन्याचा लेप लागतो, कोणी मालिश करणारा सुचवितो. सूज उतरत नाही म्हणून दवाखान्यात क्ष-किरण चित्र काढले जाते. हाड मोडलेले नसते. “काही नाही, हाड शाबूत आहे,” हे शब्द घरी येतात.

येथून खरा त्रास सुरू होतो. क्ष-किरण चित्रात हाड दिसते, तुटलेला अस्थिबंध दिसत नाही. मुलीला जिना उतरताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो, पण कागद सांगतो की काही नाही. मग प्रशिक्षकाला वाटते, ही स्पर्धेला घाबरली. संघातील मैत्रिणींना वाटते, ही कामचुकारपणा करते. घरातील वडीलधारे म्हणतात, “बरे झाले, आता खेळ बंद कर, उद्या लंगडी झालीस तर लग्न कोण करील?” चार-सहा आठवड्यांनी त्या मुलीला स्वतःलाच आपल्या दुखण्याचा संशय येऊ लागतो. शरीराच्या वेदनेपेक्षा, आपली वेदना खरी मानली जात नाही हे दुःख मोठे असते.

काय हरवते

तरुण खेळाडूचे जीवन एका वेळापत्रकावर उभे असते. पहाटेचा सराव, संध्याकाळचे मैदान, स्पर्धेसाठी संघाबरोबर केलेला एस. टी.चा प्रवास, मैदानाबाहेर रंगणाऱ्या गप्पा हा त्याच्या आयुष्याचा कणा असतो. दुखापतीच्या दिवशी हे सगळे एकदम थांबते. जो आजवर ‘आमच्या गावचा धावणारा’ म्हणून ओळखला जात होता तो आता कोण आहे, हे त्याचे त्यालाच कळत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रिटन ब्रूअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘खेळाडू म्हणून असलेली ओळख’ मोजण्याचे एक साधन तयार केले. माणसाची सारी ओळख ज्या प्रमाणात खेळावर टेकलेली असते, त्या प्रमाणात दुखापतीनंतर तो खचण्याचा धोका वाढतो, असे या दिशेने झालेल्या अभ्यासांचे सांगणे आहे. आपण मात्र मुलांना नेमके हेच सांगत असतो की, खेळावाचून तुझे काही नाही; मन लाव, बाकी सर्व सोड.

खचलेला मुलगा रडतोच असे नाही. तो चिडचिडा होतो, रात्री जागा राहतो, जेवणावरून उठतो, मैदानाच्या रस्त्याने जाणे टाळतो, मित्रांचे फोन घेत नाही. काहीजण उलट वागतात. पाय दुखत असताना वेदनाशामक गोळ्या घेऊन धावतात आणि लहान दुखापतीची मोठी करून घेतात. हे बेदरकारपणाचे लक्षण समजले जाते. वस्तुतः ती भीती असते. जागा जाईल, वय निघून जाईल, घरचे काय म्हणतील, या भीतीने तो धावत असतो. मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ज्या वयात आपण मुलाला मैदानावर उतरवितो, तेच वय मनाच्या दृष्टीने नाजूक असते.

संबंध दोन्ही बाजूंनी आहे

दुखापतीमुळे मन खचते, हे सांगितल्यावर पटते. मन खचल्यामुळे दुखापत होते, हे सहसा पटत नाही. परंतु १९८८ साली अँडरसन व विल्यम्स या दोन अभ्यासकांनी याचे जे विवेचन केले, ते पुढे क्रीडा-मानसशास्त्राचा पाया ठरले. माणूस तणावाखाली असताना त्याचे स्नायू आखडलेले राहतात, लक्ष विचलित होते आणि नजरेचा आवाका आकुंचित होतो. बाजूने येणारा प्रतिस्पर्धी त्याला उशिरा दिसतो. घरात कर्जाची कटकट चालू असलेला, रात्रभर झोप न झालेला मुलगा सकाळी मैदानावर अधिक सहज पडतो, तो या कारणाने. त्याच मुलाला दुखापतीनंतर पुन्हा मैदानावर आणले आणि त्याच्या मनातील भीती तशीच राहिली, तर तो दुखऱ्या पायावर भार देण्याचे टाळतो, दुसऱ्या पायावर ताण टाकतो आणि पुन्हा जायबंदी होतो.

याविषयी काही आकडे उपलब्ध आहेत. गुडघ्यातील अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या सात हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र करून २०१४ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर शंभरातील सुमारे ८१ जण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले. पूर्वीच्या पातळीला ६५ जण पोहोचले. आणि स्पर्धात्मक खेळात पुन्हा उतरले ते केवळ ५५. पूर्वीच्या पातळीला कोण परततो, याचा संबंध गुडघ्याच्या ताकदीबरोबरच मनाच्या तयारीशीही असल्याचे त्यात आढळले. शल्यविशारदाने आपले काम चोख केले तरी उरलेले काम शिल्लक राहते, हा याचा अर्थ आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेही २०१९ साली खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी तज्ज्ञांचे जे एकमत प्रसिद्ध केले, त्यात दुखापत व मानसिक त्रास यांचा हा दुहेरी संबंध मान्य केला आहे.

थोरांचे गुडघे

मोठ्या खेळाडूंच्या वाट्यालाही हे आलेले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिम्पिक पदक दिले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची कुस्ती थांबविली. महाराष्ट्राला त्यांचे पदक आठवते, घरी परतल्यावर निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक आठवते; तो गुडघा मात्र कोणाला आठवत नाही. यशाची मिरवणूक काढणाऱ्या समाजाला दुखापतीच्या वेळी त्या माणसाजवळ बसण्याची सवय नसते, हे तेव्हाही खरे होते.

अलीकडच्या काळात काही बदल झाला आहे. हरयाणाच्या विनेश फोगट यांना २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे आखाड्यातून उचलून न्यावे लागले. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. टोकियो ऑलिम्पिकनंतर २०२१ साली त्यांनी आपल्या मनाच्या खच्चीकरणाविषयी उघडपणे लिहिले. त्याच टोकियोत अमेरिकेच्या सिमोन बाइल्स हिने मनाची स्थिती ठीक नसताना उडी मारणे म्हणजे मान मोडून घेणे, हे ओळखून काही स्पर्धांतून माघार घेतली आणि तीन वर्षांनी पॅरिसला पुन्हा सुवर्णपदके मिळविली. अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडले. त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. हे सर्व खेळाडू कणखर आहेत. कणखर माणसालाही दुखापत मोडून काढू शकते, आणि आधार मिळाला तर तो उभा राहू शकतो, एवढे यांवरून दिसते. फरक इतकाच की, त्यांच्या मागे संघटना, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट व नोकरी असते. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील मुलामागे त्याची आई असते, आणि फार तर एक शिक्षक.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, हे सारे फाजील लाड आहेत. आमच्या वेळी गुडघे फुटत, आम्ही माती लावून खेळत असू. मनाचे चोचले कोणी पुरविले नाहीत. शिवाय ज्या जिल्ह्यात अनेक शाळांना धड मैदान नाही, क्रीडाशिक्षकाला इतर विषयांचे तास आणि कार्यालयीन कामे करावी लागतात, तेथे मनाच्या गोष्टी कशाला?

आक्षेपाचा पहिला भाग स्मरणाच्या चुकीतून आलेला आहे. माती लावून खेळले आणि टिकले, ते आज आपल्या आठवणी सांगतात. त्याच वेळी जे कायमचे लंगडे झाले, ज्यांनी पुन्हा मैदानाचे नाव काढले नाही, ते आठवणी सांगायला पुढे येत नाहीत. दुसऱ्या भागात तथ्य आहे. मैदाने हवीत, शिक्षक हवेत, ही मागणी सोडण्याचे कारण नाही. पण विचारपूस करण्यासाठी मैदान लागत नाही. किंबहुना जेथे साधने कमी असतात, तेथे माणसाची विचारपूस हेच पहिले साधन असते.

दुसऱ्या टोकाला जाऊनही चालणार नाही. दुखापतीनंतर येणारे प्रत्येक दुःख हा आजार नव्हे. स्पर्धा हुकलेल्या मुलाने आठ-पंधरा दिवस उदास राहावे, हे स्वाभाविक आहे. बहुतेक मुले त्यातून बाहेर पडतात. त्यांना रोगी ठरविणे हा आणखी एक अन्याय होईल. परंतु दोन-तीन आठवडे उलटूनही झोप, जेवण, बोलणे पूर्वपदावर आले नाही, अभ्यासातूनही मन उडाले, किंवा ‘आता जगून काय’ असे शब्द तोंडी आले, तर ते बोलणे हसण्यावारी नेता येणार नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी या प्रदेशाला एक कठोर धडा दिला आहे: गप्प झालेल्या माणसाला ‘होईल ठीक’ म्हणून सोडून देणे फार महाग पडते. जो धडा आपण शेतावर शिकलो, तो मैदानावर विसरण्याचे कारण नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट शिक्षकाच्या हातात आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. जायबंदी खेळाडूचे नाव संघाच्या पटावर राहू द्यावे. तो खेळू शकत नसेल, पण मैदानावर येऊ शकतो. गुणलेखन करणे, वेळ नोंदविणे, पंचांना साहाय्य करणे, लहान मुलांना चढाईचे पाय दाखविणे, ही कामे त्याला द्यावीत. स्पर्धेला संघ गेला तर शक्य असल्यास त्यालाही बरोबर न्यावे. त्याच्या आयुष्यातून मैदान काढून घेतले तर तो दोनदा जायबंदी होतो. एकदा पडल्यामुळे आणि एकदा आपल्यामुळे.

दुसरी गोष्ट, दुखते असे सांगणे हा गुन्हा ठरता कामा नये. ज्या संघात दुखणे सांगणाऱ्याची जागा त्याच दिवशी जाते, तेथे कोणीही दुखणे सांगत नाही. ‘बरा होऊन आलास की तुझी जागा निवड-चाचणीत तपासली जाईल, आपोआप जाणार नाही,’ एवढे आश्वासन प्रशिक्षकाने सर्वांसमोर दिले, तर निम्म्या गोळ्या खिशातच राहतील. मुलाने मैदानावर केव्हा परतायचे, हा निर्णय डॉक्टरच्या सल्ल्याने व्हावा. पुढच्या आठवड्यात सामना आहे, हे त्याचे कारण होऊ शकत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने थांबल्यास पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण पुष्कळ घटते, हे दिसून आले आहे. नऊ महिने म्हणजे जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष. तेवढा काळ त्या मुलाला कोण धीर देणार, हे आधीच ठरलेले असावे.

तिसरी गोष्ट शासकीय यंत्रणेची आहे. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आणि जिल्हा पातळीवरील कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला. ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस उपलब्ध असते. हा क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर, क्रीडा संकुलाच्या भिंतीवर आणि अभ्यासिकांत ठळकपणे लागला पाहिजे. जिल्हा क्रीडा कार्यालय आणि जिल्हा रुग्णालय यांनी मिळून महिन्यातून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट व समुपदेशक जायबंदी खेळाडूंना एकाच ठिकाणी भेटतील. वेगवेगळ्या खोल्यांत गुडघा आणि मन तपासण्यापेक्षा हे सोयीचे आहे, आणि ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे गेला’ या गावगप्पांपासूनही मुलगा वाचतो. शालेय स्पर्धांच्या वेळी किती मुले कोणत्या कारणाने जायबंदी झाली, याची एक साधी नोंदवही ठेवली तरी कोणते मैदान आणि कोणता सराव धोक्याचा आहे, हे दोन वर्षांत कळेल.

चौथी गोष्ट भरतीविषयी आहे. चाचणीच्या तोंडावर पाय मुरगळलेल्या उमेदवाराला शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर त्याच भरतीत एक फेरतारीख मिळावी, याचा शासनाने विचार करावा. याचा गैरफायदा घेणारे निघतील, हे खरे. परंतु गैरफायद्याच्या भीतीने दुखऱ्या पायावर हजारो मुलांना धावायला लावणे हे शहाणपणाचे नव्हे. भरतीची तयारी करून घेणाऱ्या खाजगी अकादम्यांनीही फी घेताना धावण्याचा हिशेब सांगावा. पहिल्या महिन्यात किती धावायचे, आठवड्यातून विश्रांती केव्हा, नडगी दुखू लागली तर कोणाला सांगायचे, हे ठरविलेले नसेल तर त्या सरावाला प्रशिक्षण म्हणता येणार नाही.

शेवटची गोष्ट पालकांची आहे, आणि ती बोलण्यास सोपी, आचरणास अवघड आहे. मुलगा जिंकून आला तेव्हा जे त्याच्याशी बोलले, त्यांनी तो पडल्यावरही तितक्याच आपुलकीने बोलावे. विशेषतः मुलींच्या बाबतीत दुखापत हे खेळ बंद करण्याचे निमित्त होऊ नये. गुडघा बरा होतो. आईवडिलांनी हिसकावून घेतलेले मैदान पुन्हा मिळत नाही. आणि ज्यांचा खेळ खरोखरच संपला आहे, त्यांना हे सांगणारे कोणी तरी हवे की, खेळाने दिलेली शिस्त, सोबत आणि चिकाटी पायाबरोबर मोडत नाही. पंच, प्रशिक्षक, शिक्षक होण्याचा मार्ग मोकळा असतो. तो दाखविण्याचे काम मोठ्यांचे आहे.

उद्या पहाटे पुन्हा त्या रस्त्यांवर मुले धावतील. सर्वच्या सर्व पोलीस होणार नाहीत, सर्वांना पदके मिळणार नाहीत, आणि त्यांतील काहीजण पडतील. पडण्यापासून सर्वांना वाचविणे कोणालाही शक्य नाही. मात्र सकाळच्या सरावाला जो आला नाही, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी शिक्षकाने किंवा सोबत धावणाऱ्या मित्राने जावे, पायाची चौकशी करावी आणि मग थोडा वेळ तेथेच बसावे, हे प्रत्येकाला शक्य आहे. बरीच मुले पायाविषयी बोलून झाल्यावरच खरे बोलू लागतात.